गेमला जुनी धून लावावी की नवी चाल बांधावी?

गेमसाठी संगीत करून द्या म्हणणारा माणूस छत्रपती संभाजीनगरचा असो की लातूरचा, पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य हमखास बोलतो: "लहानपणी त्या टीव्ही गेममध्ये वाजायचं ना, तसं काहीतरी पाहिजे." नव्वदच्या दशकात आणि दोन हजारच्या सुरुवातीला ज्यांनी बाजारातून तो स्वस्तातला डबा आणला, टीव्हीला पिवळी पिन खोचली, न चालणाऱ्या कॅसेटमध्ये फुंकर मारली आणि कॉन्ट्रा-मारिओवर उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढल्या, ती लेकरं आता मोठी होऊन स्वतः गेम बनवतायत. त्यांची मागणी चुकीची नाही, पण मोघम आहे. 'तसं' म्हणजे काय? तीच धून? तसा आवाज? ती लय? की ती सुट्टी? संगीतकाराला यातल्या पहिल्या तिन्हींवर काम करता येतं. चौथं कोणालाच परत आणून देता येत नाही, आणि लोकांना हवं असतं नेमकं तेच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. छोट्या, नव्या गेमने धून उसनी घेऊ नये, आवाज घ्यावा. आणि आठवण? ती गेमच्या पहिल्या अर्ध्या तासात खेळाडूच्या मनात तुम्हीच पेरायची आणि शेवटी कापायची. जुनी धूनच हवी अशाही काही जागा असतात, त्यांचं खाली बघू.

जुनी धून नेमकं कोणतं काम करते

ओळखीची गोष्ट माणसाला आवडते, आणि पुनःपुन्हा समोर आल्यानेच ती आवडू लागते, हे रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलं. जुन्या धुनेचा फायदा हाच: पहिल्या चार स्वरांत खेळाडू तुमच्या बाजूला येतो. तोटाही त्यातच आहे. धून त्याला उचलून त्याच्या जुन्या घरात नेऊन बसवते, म्हणजे तुमच्या गेममधून बाहेर काढते. मेनूवर, श्रेयनामावलीवर, एखाद्या गमतीच्या गुप्त खोलीत हे चालतं. नायिका अडचणीत असताना चालत नाही.

मोठ्या कंपन्या जुन्या धुना कशा वापरतात ते नीट ऐका. निन्टेंडोच्या 'झेल्डा' या गेममालिकेतल्या २०१७ च्या भागात बहुतेक वेळ पियानोचे तुटक स्वर आणि वारा एवढंच असतं. तीस वर्षांची ओळखीची धून सहसा सरळ वाजत नाही. रात्री घोड्यावरून लांब दौड मारत राहिलात की ती हळूहळू, अगदी विलंबित, पियानोतून वर येते. ज्याला माहीत आहे त्याच्या अंगावर काटा येतो. ज्याला माहीत नाही त्याला ते छान संगीत वाटतं, आणि त्याचं काहीच अडत नाही. २०११ च्या झेल्डात तर १९९८ च्या गेममधलं अंगाईगीत उलटं फिरवून मुख्य धून केली होती. म्हणजे ज्यांच्याकडे जुनी पुंजी आहे तेसुद्धा ती जशीच्या तशी उधळत नाहीत.

याच मालिकेच्या जन्माची गोष्ट तर आपल्या विषयाला चपखल बसते. १९८६ मध्ये पहिल्या झेल्डाच्या सुरुवातीच्या पडद्यासाठी संगीतकार कोजी कोंदो यांना फ्रेंच संगीतकार राव्हेलचं 'बोलेरो' वापरायचं होतं. त्याचा कॉपीराइट अजून संपलेला नाही हे ऐन वेळी कळलं आणि त्यांना स्वतःच्याच धुनेवरून शीर्षकसंगीत करावं लागलं. परवानगीचा प्रश्न नसता तर आज ज्या धुनेला जग नॉस्टॅल्जिया म्हणतं ती त्या पडद्यावर वाजलीच नसती.

दुसरं टोक टेट्रिसचं. १९८९ मध्ये गेम बॉय या हातातल्या खेळयंत्रावर आलेल्या टेट्रिसमधली गाजलेली धून हे एकोणिसाव्या शतकातलं रशियन लोकगीत आहे, 'कोरोबेनिकी'. कॉपीराइटचा प्रश्न नव्हता. पण आज रशियाबाहेर ती धून ऐकली की लोकांना फक्त पडणाऱ्या विटा दिसतात. गेमने गाणं गिळून टाकलं. तुळजापूरच्या वाटेवरचं आराधी मंडळाचं गाणं किंवा माळेगावच्या जत्रेतली वाघ्या-मुरळीची चाल उचलून 'गेम ओव्हर'ला लावायचा विचार असेल तर हे आधी आठवावं. ती चाल कोणाच्या तरी देव्हाऱ्यातली आहे, आणि तुमचा गेम चुकून गाजलाच तर तिचं काय होईल याची जबाबदारी तुमची.

कागदावर प्रसंगांची यादी करा

'जुनं की नवं' हा प्रश्न अख्ख्या गेमला विचारला की भांडण होतं. एकेका प्रसंगाला विचारला की उत्तर सापडतं. उदाहरणासाठी एक गेम धरून चालू. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यात वालूरला गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची जुनी बारव आहे. समजा तशा एका बारवेवर गेम आहे: उन्हाळ्यात एक मुलगी पाणी शोधत एकेक मजला खाली उतरते.

वहीत प्रसंग लिहा. शीर्षक, गाव आणि ऊन, बारवेचा पहिला मजला, अंधार, चुकलेली वाट, पाणी दिसणं, परत वर येणं, श्रेयनामावली. प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहायची: इथे खेळाडूला काय आठवावं? गावात त्याचं स्वतःचं गाव आठवलं तर हवंच आहे, म्हणजे तिथे ओळखीचा आवाज चालेल. अंधारात काहीच आठवू नये, म्हणजे ओळखीचं काहीही नको. पाणी दिसताना मात्र त्याला या गेमच्याच सुरुवातीचं काहीतरी आठवलं पाहिजे. ही शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची. ती झाली की मुख्य चाल नवी लागणार हे आपोआप ठरतं, कारण बाहेरून आणलेली धून खेळाडूला याच गेमची सुरुवात आठवून देऊ शकत नाही.

बहुतेक गेममध्ये या यादीत जुन्या धुनेसाठी एखाद-दुसरीच जागा निघते. मागणाऱ्याला ती यादी दाखवा. वाद तिथेच मिटतो.

घ्यायचीच असेल तर कायदा नीट बघा

आपल्याकडे दोन अफवा पक्क्या बसल्यात. एक, सात-आठ सेकंदांपर्यंत काही होत नाही. दोन, वाद्य बदललं की चालतं. भारताच्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी कुठलीही मोफत मर्यादा नाही, आणि वाद्य बदलल्याने चाल तुमची होत नाही.

१९५७ च्या कायद्याप्रमाणे गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्द आणि चाल यांचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं टिकतो. संगीतकार १९६० मध्ये गेला असेल तर त्याची चाल ३१ डिसेंबर २०२० नंतर मोकळी झाली. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. त्यामुळे रेकॉर्ड जुनी म्हणून मोकळी, पण संगीतकार उशिरा गेले म्हणून चाल बांधलेली, असं सर्रास होतं.

वारकरी परंपरेच्या बाबतीत तर पाय हमखास घसरतो. तुकारामांचे अभंग कोणाच्याही मालकीचे नाहीत. पण तुम्हाला आठवणारी चाल फडावरची पारंपरिक आहे की श्रीनिवास खळ्यांनी लता मंगेशकरांसाठी बांधलेली, हे तपासा. खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. शब्द साडेतीनशे वर्षांपूर्वीचे आणि चाल आजच्या कायद्यातली, अशी ही गंमत आहे.

'कव्हर केलं की परवानगी लागत नाही' हेही अर्धवट ज्ञान. कायद्यात कव्हरसाठी वैधानिक परवान्याची सोय आहे, पण मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षांनी, आगाऊ सूचना देऊन, वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आधी भरून, आणि तीही फक्त ध्वनिमुद्रणासाठी. पडद्यावरच्या खेळाला ते गाणं जोडायचं तर हक्कदाराशी स्वतंत्र बोलावंच लागतं.

मोकळी धूनसुद्धा ट्रेडमार्कमध्ये अडकलेली असू शकते. नोकियाची रिंगटोन फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या १९०२ च्या रचनेतून घेतलेली आहे. रचना मोकळी, पण तो तुकडा कंपनीने ट्रेडमार्क म्हणून नोंदवला. गेममधल्या मोबाइलला ती वाजवण्याचा मोह आवरा.

आणि कोर्टापर्यंत जायची गरजच पडत नाही. चित्रपटगीताचा तुकडा गेममध्ये असला की जो कोणी तुमचा गेम खेळताना यूट्यूबवर टाकेल त्याच्या व्हिडिओवर दावा येतो. छोट्या गेमची जाहिरात तीच पोरं फुकटात करत असतात. त्यांनाच अडचणीत आणलं तर ते दुसऱ्यांदा तुमचा गेम उघडत नाहीत.

लोकसंगीताकडे जाताना

जात्यावरच्या ओव्या, भारुड, गोंधळ, वासुदेव, पोतराज: यांच्या पारंपरिक चालींना कॉपीराइट नाही. म्हणून त्या बेवारस आहेत असं नाही. ओव्यांचंच घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी सुरू केलेल्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, आणि 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ऐकायला मिळतात. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. ऐकायला, शिकायला याहून चांगली जागा नाही. पण ते ध्वनिमुद्रण उचलून गेममध्ये घालायचं नाही. मुद्रणाचा हक्क संग्रहाचा, आणि गाण्याचा हक्क गाणारीचा.

हा दुसरा हक्क लोक विसरतात. कलाकाराच्या सादरीकरणालाही कायद्याचं संरक्षण आहे, ५० वर्षांचं. म्हणून गोंधळी, हलगीवाले, आराधी यांना रेकॉर्डिंगला बोलावताना मराठीत एका पानाचा कागद करा. काय वाजवणार, कुठल्या गेमसाठी, पुढच्या भागात वापरणार का, पैसे किती आणि कधी, श्रेयनामावलीत नाव कसं लिहायचं. वाचून दाखवा, सही घ्या, एक प्रत त्यांना द्या. मानधन त्याच दिवशी. 'गेम चालला की बघू' ही भाषा या लोकांनी राजकीय सभांमध्ये पुष्कळ ऐकलेली असते.

आवाज उसना घ्या

आता खरं काम. जुन्या डब्याची आठवण धुनेपेक्षा आवाजात जास्त असते. त्या यंत्रात मोजकेच आवाज होते: दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी लहर, एक खरखर, आणि एखादा अगदी छोटा मुद्रित आवाज. धून चौकोनी लहरीवर, खर्ज त्रिकोणी लहरीवर, ताल खरखरीवर. एका वेळी एका वाहिनीवर एकच स्वर. त्यामुळे तीन स्वरांचा मेळ दाखवायचा तर ते तीन स्वर एकामागून एक इतक्या भरभर वाजवायचे की कानाला एकत्र वाटावेत. तो थरथरता 'टिरिरिरी' आवाज म्हणजे ही जुगाडू युक्ती.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये, मग ते रीपर असो की फुकटातलं एलएमएमएस, चारच ट्रॅक उघडा आणि हीच बंधनं पाळा. प्रतिध्वनी नाही, पाचवा ट्रॅक नाही. एवढं केलं की कुठलीही नवी चाल तीस वर्षं जुनी वाटायला लागते. कोणाची चोरी नाही, आणि मागणाऱ्याचं 'तसं काहीतरी' पुरं होतं.

पुढची पायरी मला जास्त आवडते. त्या चार जागांवर आपली वाद्यं बसवा. खरखरीच्या जागी हलगी. चौकोनी लहरीच्या जागी तुणतुणं, कारण त्याचा नाकातला, टोकदार आवाज त्याच जातीचा आहे. खर्जाला संबळाचा घुमणारा भाग. ज्याने डबा खेळला त्याला डबा आठवतो, ज्याने गोंधळ ऐकला त्याला गोंधळ, आणि चाल मात्र दोघांनाही नवी.

हलगी रेकॉर्ड करणं हा स्वतंत्र उद्योग आहे. हलगीचं कातडं गारठलं की सैल पडतं आणि आवाज बसतो, म्हणून वाजवणारा आधी जाळ करून ती शेकतो. शेकलेल्या हलगीचा पहिला टिपरा कानात कडकन जातो. मग मिनिटामिनिटाला स्वर उतरत जातो. तुम्ही पहिला तुकडा आत्ता घेतला आणि दुसरा चहानंतर, तर दोन्ही एकमेकांना जुळत नाहीत. म्हणून क्रम असा: शेकून झाल्याबरोबर सुटे ठोके घ्या, जाड टिपरूचे वेगळे, बारीक काडीचे वेगळे, कडेवरचे वेगळे, प्रत्येक ठोका हलका-मध्यम-जोरात. मग पुन्हा शेका, आणि मगच ताल घ्या. प्रत्येक शेकल्यानंतर पहिला ठोका ओळख म्हणून सुटा रेकॉर्ड करून ठेवा, म्हणजे नंतर संगणकावर स्वर जुळवताना कुठला तुकडा किती उतरलाय ते कळतं. जाळाचा चटचट आवाज माइकात येतो, तर शेकायची जागा लांब ठेवा. तो आवाजही दोन मिनिटं वेगळा घेऊन ठेवा. गावाच्या प्रसंगात कामाला येतो.

माइक हलगीसमोर नाकाच्या रेषेत धरू नका, थोडा तिरका आणि हातभर लांब. महागडा माइक नसेल तर एक मोबाइल जवळ, दुसरा खोलीच्या कोपऱ्यात. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, तेव्हा भिंतींना वाकळ-गोधड्या टांगा. आणि दिवस ठरवण्याआधी गावात विचारा की शेतीची लाइट कोणत्या पाळीत आहे. रात्रीची पाळी असेल तर विहिरीवरच्या मोटारी रात्रभर घुमतात आणि 'शांत रात्री रेकॉर्डिंग' हा सगळा बेत फसतो.

लोककलाकाराचा सा तुमच्या कीबोर्डच्या पट्टीत नसतो, दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी असतो. त्याला तुमच्या पट्टीत ओढू नका. ट्यूनरवर त्याचा सा मोजा आणि बाकीचं अख्खं संगीत तेवढ्या सेंटने (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली-वर करा. संगणकाला त्याचा त्रास होत नाही, गळ्याला होतो.

स्वतःची चाल बांधणं आणि पेरणं

गेमची मुख्य चाल लांब नको. पाच-सहा स्वरांचं एक वाक्य पुरे. आपल्या बारवेच्या गेमसाठी हे घेऊ: सा म प, कोमल नि, ध प. यात ओळख आहे ती सा वरून थेट म वर घेतलेल्या उडीत. चाल निवडताना दोन गोष्टी तपासा. स्वर काढून नुसत्या टाळ्या वाजवल्या तर लय ओळखू येते का? आणि नुसते पहिले दोन स्वर वाजवले तर पुढचं मनात पूर्ण होतं का? दोन्हीला 'हो' आलं तर ते वाक्य अर्धवट वाजवूनही वापरता येतं, आणि गेममध्ये चाल बहुतेक वेळा अर्धवटच वाजवायची असते.

आता तिचे मुखवटे करा. इथे आपल्या परंपरेत असं एक हत्यार आहे की पाश्चात्त्य हार्मनीची पुस्तकं चाळायची गरज पडू नये. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, सिंघण राजाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात मूर्च्छनांची सविस्तर मांडणी आहे: स्वर तेच, पण सुरुवातीचा स्वर बदलला की स्वररूप बदलतं. आजच्या तंबोऱ्याच्या भाषेत सांगायचं तर चाल हलवू नका, मागचा सूर हलवा.

करून बघा. मागे सा चा सूर धरून सा म प कोमल नि ध प वाजवा. भारदस्त, थोडं रांगडं वाटतं. आता तेच स्वर, त्याच पट्टीत, पण मागचा सूर प वर न्या. प ला नवा सा समजून कान ऐकतो, आणि तीच चाल म, कोमल नि, सा, कोमल ग, रे, सा अशी होते. कोमल ग आला, चेहरा उतरला. हा अंधाराचा मुखवटा. मग मागचा सूर म वर ठेवा. आता ती प सा रे म ग रे अशी ऐकू येते, शुद्ध ग घेऊन मोकळी, आणि रे वर अधांतरी थांबलेली. पाणी दिसतं तिथे ही. एकच मुद्रित चाल, तीन वेगळे सूर, तीन भाव. रेकॉर्डिंगचा खर्च एकदाच.

याशिवाय नेहमीच्या युक्त्या आहेतच: दुप्पट विलंबित करणं, उलटी वाजवणं, फक्त सा-म ची उडी ठेवून बाकी गाळणं, तुणतुण्यावरून बाईच्या हुंकारावर नेणं. सगळ्या एकाच गेममध्ये वापरू नका.

पेरणीचा हिशोब असा ठेवा. शीर्षकावर चाल पूर्ण ऐकवायची, एकदाच, साधी. गावात तुकड्यातुकड्याने. बारवेत उतरल्यावर जवळजवळ गायब, कुठेतरी दोन स्वर. आणि पाण्याजवळ पूर्ण. मधे दडवलीच नाही तर शेवटी भेटल्याचा आनंद होत नाही. २०१५ च्या 'अंडरटेल' या गेममध्ये तो बनवणाऱ्या टोबी फॉक्सने हेच केलं. सुरुवातीच्या पडद्यावरची साधी धून तो शेवटाकडे परत आणतो. ती धून कोणाच्याही बालपणातली नव्हती, सहा-सात तासांपूर्वीची होती. तरी लोक रडले.

थर, लूप आणि गणित

गेममध्ये खेळाडू एका जागी किती वेळ थांबेल हे माहीत नसतं, म्हणून संगीत फिरतं राहिलं पाहिजे (यालाच लूप म्हणतात) आणि प्रसंगानुसार बदललंही पाहिजे. सगळ्यात सोपा मार्ग थरांचा: सूर, ताल, चाल, वातावरण अशा चार सारख्या लांबीच्या फाइली एकदम सुरू करायच्या आणि कुठली ऐकू येईल ते गेमने ठरवायचं. सहसा लोक धोका वाढला की थर वाढवतात. बारवेत उलटं करा. प्रत्येक मजल्याला एक थर काढून घ्या, म्हणजे खाली पोचेपर्यंत फक्त सूर आणि पाण्याचा थेंब उरतो.

लांबी अशी ठरवा. कहरवा ८ मात्रांचा, दादरा ६ चा. दोन्ही २४ मात्रांवर समेवर भेटतात: कहरव्याची तीन आवर्तनं, दादऱ्याची चार. म्हणून फाइलची लांबी २४ च्या पटीत ठेवली की गावातला कहरवा आणि बारवेतला दादरा दर २४ मात्रांना समेवर अदलाबदल होतात. मिनिटाला ९० मात्रांची लय धरली तर २४ मात्रा १६ सेकंदांत होतात, ९६ मात्रा ६४ सेकंदांत. आवाज सेकंदाला ४८,००० तुकड्यांत (सॅम्पल) साठवला तर एक मात्रा बरोबर ३२,००० सॅम्पलची येते. हा आकडा पूर्णांक येणं महत्त्वाचं. ९५ ची लय घेतली तर मात्रा अपूर्णांकात पडते आणि कापताना टक् आवाज यायची शक्यता वाढते.

सूर बदलायचा तर २४ मात्रा थांबू नका, १६ सेकंदांत मुलगी दोन मजले उतरलेली असेल. ८ मात्रांच्या सीमेवर, म्हणजे साधारण सव्वापाच सेकंदांनी, एक सूर विरवत दुसरा आणा. गोडो या गेम बनवायच्या इंजिनच्या ४.३ आवृत्तीपासून असे थर आणि बदल सांभाळायची सोय आतच आहे. युनिटी या दुसऱ्या इंजिनात अचूक वेळ ठरवून वाजवायची आज्ञा वापरा. एफमॉड हे गेमच्या आवाजासाठीचं सॉफ्टवेअर शिकायची तयारी असेल तर सगळंच सोपं होतं, आणि छोट्या प्रकल्पांना त्याचा मोफत परवाना मिळतो. अटी मात्र वाचा.

लूपची फाइल एमपी३ मध्ये देऊ नका. त्या प्रकारात सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटते आणि प्रत्येक फेरीला उचकी लागते. ओजीजी द्या. ६४ सेकंदांची स्टिरिओ वेव्ह फाइल सुमारे १२ एमबी होते, १६० केबीपीएसची ओजीजी सव्वा एमबीच्या आसपास. चार थरांना हा फरक मोबाइलवर चांगलाच जाणवतो. शेवटच्या ठोक्याचा घुमारा कापला जाऊ नये म्हणून तुकडा सलग दोनदा वाजवून रेंडर करा आणि दुसरी फेरी कापून घ्या. पहिल्या फेरीची शेपूट तिच्या डोक्यावर आपोआप येते.

ऐकून बघणं आणि कागद

हेडफोनवर झालेलं मिश्रण स्वस्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, तेही एसटी स्टँडवर उभं राहून. संबळाचा खर्ज तिथे पूर्ण गायब होतो. त्याच ठोक्याला एक सप्तक वरची हलकी साथ दिली की कान खालचा स्वर स्वतः भरून घेतो. मोबाइलच्या गेमसाठी एकूण आवाजाची पातळी उणे १८ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आसपास ठेवली तर खेळाडूला बटणाशी झटापट करावी लागत नाही.

मग दोन माणसं बसवा: एक चाळिशीचा, डबा खेळलेला, आणि एक शाळेतलं पोर, ज्याने तो कधी पाहिलाही नाही. गेम पूर्ण खेळू द्या, संगीताबद्दल काही विचारू नका. दुसऱ्या दिवशी फोन करून एवढंच म्हणा, "कालच्या गेममधलं काही गुणगुणून दाखव." पोराला सा-म ची उडी आली तर चाल बसली. चाळिशीवाल्याने भलत्याच जुन्या गेमची धून गुणगुणली तर तुमचा आवाज फारच हुबेहूब झालाय. चौकोनी लहरीचा थर थोडा मागे ढकला आणि तुणतुणं पुढे आणा.

पैशांचं बोलणं काम सुरू करायच्या आधी, लेखी. कायद्यात एक गोष्ट संगीतकाराच्या बाजूने आहे आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते: हक्क हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गेम तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर टाकला की पहिल्या दिवसापासून जगभर विकला जातो. म्हणजे मोघम करार गेमवाल्यालाही परवडत नाही, त्यामुळे ही दोन कलमं भरायला तोच घाई करेल. त्या वेळी तुमचीही दोन वाक्यं आत घाला. मुख्य चाल पुढच्या भागात वापरली तर वेगळं मानधन, आणि ती चाल मैफलीत वाजवायचा, अल्बममध्ये घ्यायचा हक्क तुमच्याकडे. नोकरीत असाल तर मात्र, वेगळं ठरलं नसेल तर, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्कदार नोकरी देणाराच असतो. नेमणूकपत्र सही करण्याआधी वाचा.

काम सोपवताना ओजीजी फाइलींबरोबर एक साधी नोंद द्या: लय, मात्रा, सा कुठला आणि किती सेंट सरकवलेला, कुठल्या मजल्यावर कुठला थर. मूळ प्रकल्प आणि हलगीचे सुटे ठोके दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि कलाकारांच्या सह्यांचे कागद स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये. गेमचा दुसरा भाग निघाला की सगळ्यात आधी तेच शोधावे लागतात.